केटररच्या फूड टेस्टिंगला एकटीनेच गेलं तर चालेल का? तिथे काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की बडोद्यात भावाचं लग्न आहे, चारशे पानं होतील, केटररने टेस्टिंगला बोलावलंय आणि घरचं कोणी मोकळं नाही.

खुशाल एकट्या जा. चार जण गेले की आत्याला तिखट लागतं, काकांना फिकं, आणि शेवटी जिलेबी छान होती एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मी एकटीच येतेय, प्रत्येक पदार्थ दोनच चमचे वाढा आणि तीन-चार पदार्थ घरच्यांसाठी बांधून द्या." सोबत छोटे डबे न्या. हॉलमध्ये दहा-वीस कुटुंबांना एकत्र बोलावलं असेल तर सुरुवातीच्या वेळेलाच पोहोचा, नंतर काउंटरवर गर्दी होते आणि महाराजांशी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांशी, बोलता येत नाही. पार्टी प्लॉटवर (लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या मैदानावर) चालू असलेल्या दुसऱ्याच्या लग्नात चाखायला बोलावलं तर ते सगळ्यात उत्तम. तिथे लग्नाच्या दिवशीचं खरं जेवण दिसतं.

उपाशी जाऊ नका. कडकडून भूक लागली की सगळंच चविष्ट लागतं. दोन तास आधी थोडं खाऊन जा, तिथे गेल्यावर वेलकम ड्रिंक आणि चाट सुरुवातीलाच घेऊ नका. पंचवीस पदार्थ, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे पाऊण किलोच्या आसपास अन्न होतं, म्हणून पहिल्या फेरीत एकेकच चमचा. क्रम असा: वरण-भात, कोशिंबीर, सुक्या भाज्या, रस्से आणि पनीर, मग फरसाण, सगळ्यात शेवटी गोड. मध्ये साधं पाणी प्या.

आता मुख्य गोष्ट. टेस्टिंगला पदार्थ थोडा आणि ताजा बनतो, लग्नात तोच पदार्थ मोठ्या टोपात बनून दीड-दोन तास बुफेच्या भांड्यात राहतो. म्हणून प्रत्येक पदार्थाचा एक चमचा ताटात बाजूला ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चाखा. घाई करणारं सोबत कोणी नसल्याने हे तुम्हाला निवांत जमेल. काजू आणि मगजाची (टरबूज-खरबुजाच्या बियांची) ग्रेव्ही घट्ट होऊन वर तेल सुटतं. बुफेत पाणी आटत गेलं की ती खारटही होते, त्यामुळे टेस्टिंगला मीठ जेमतेम पुरेसं वाटत असेल तर ते बरोबर आहे, वाढवायला सांगू नका. पुरी चामट झाली किंवा जिलेबी मऊ पडली तर पदार्थ रद्द करायची गरज नाही, त्या समोर तळायला सांगा. श्रीखंडाच्या कडेला पाणी सुटलं तर चक्का नीट टांगलेला नाही.

बडोद्यात मराठी पदार्थांवर जास्त वेळ द्या, कारण तिथेच घोळ होतो. साधं वरण सांगितलं तरी सवयीने राई-मेथीची फोडणी, कोकम आणि भरपूर गूळ पडून गुजराती दाळ तयार होते. मसालेभाताच्या नावाखाली गरम मसाल्याचा बासमती पुलाव येतो. गोडा मसाला घालणार का आणि तांदूळ कोणता, हे दोन्ही विचारा. आंबेमोहर मोठ्या टोपात स्वतःच्या वाफेने शिजत राहून गिच्च होतो, चारशे पानांना मी कोलम घ्यायला सांगेन. अळूची पातळ भाजी म्हटली की पात्रा, म्हणजे अळुवडी, समजतात. भाजी खरंच केली असेल तर चमचाभर खाऊन मिनिटभर थांबा, घशाला खाज आली तर चिंच कमी पडलीय किंवा पानं नीट शिजलेली नाहीत. मठ्ठ्याला आलं-मिरची-कोथिंबीर लागते, जिऱ्याच्या छासने काम भागत नाही.

लग्नाच्या दिवशी हेच महाराज असतील का, हे त्यांच्यासमोरच विचारा. स्वयंपाक जागेवर होणार की गोडाऊनवरून येणार? पंगत असेल तर पंधरा माणसांमागे एक वाढपी मी मागेन, त्यापेक्षा कमी असले की वरण येईपर्यंत भात थंड होतो. केटररचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा सरकारी) परवाना १४ आकडी असतो, कोटेशनवर तो नंबर छापलेला आहे का तेही बघा.

दराचं बोलणं त्या दिवशी ऐकून घ्या, पक्कं करू नका. एकटं माणूस दिसलं की "आज बुक केलं तर डिशमागे एवढे कमी" असं हमखास म्हणतात. "घरी डबे देऊन परवा कळवते" एवढं सांगा आणि अ‍ॅडव्हान्स देऊ नका. कोटेशन लेखी घ्या: किमान किती डिशची गॅरंटी, त्यावरच्या जास्तीच्या डिशचा भाव, जीएसटी धरून की वेगळा, पाण्याच्या बाटल्या, लहान मुलं, फोटोग्राफर-बँडवाल्यांचं जेवण, आणि उरलेलं अन्न कोणाचं.

घरी आलात की त्याच रात्री प्रत्येक पदार्थापुढे हवा तो बदल लिहून केटररला व्हॉट्सअ‍ॅप करा. "वरणात गूळ नको, फोडणी नको" इतकं नेमकं लिहा आणि त्यांच्याकडून उत्तरात होकार मागून घ्या.