विंडोजची सवय आणि हातात मॅक

प्रश्न: मी नोडवर बॅकएंडचे काम करतो आणि आजवर विंडोजखेरीज कशावरही काम केलेले नाही. नव्या नोकरीत मॅकबुक मिळाले आहे. साधे कॉपी-पेस्ट करतानाही बोटे अडखळतात आणि लाल ठिपक्यावर क्लिक करून विंडो बंद केली, तरी प्रोग्राम चालूच राहतो. कंट्रोल आणि कमांड या कळांची अदलाबदल करून टाकावी का?
– एक वाचक

उत्तर: सेटिंग्जमध्ये तशी सोय आहे, तरीही ती वापरू नये, असे माझे मत आहे. मॅकवर कॉपीसाठी कमांड-सी आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोत) चालू प्रोग्राम थांबवण्यासाठी कंट्रोल-सी अशी कामे मुळातच वेगळी ठेवलेली आहेत, त्यामुळे विंडोजवर एकाच जोडीवरून होणारा गोंधळ येथे होत नाही. अदलाबदल केल्यास टर्मिनलमध्येही सारे उलटे होते आणि सहकाऱ्याच्या यंत्रावर बसताच बोटे पुन्हा चुकतात. प्रोग्राम पूर्ण बंद करण्यासाठी कमांड-क्यू वापरावे.

बोटांची अडचण निदान लगेच कळते तरी. खरी काळजी घ्यावी लागते ती न दिसणाऱ्या फरकांची. मॅकची फाइलप्रणाली, विंडोजप्रमाणेच, फाइलच्या नावातील मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांत सहसा भेद करत नाही. म्हणून इम्पोर्टमध्ये नाव चुकीच्या अक्षरांत लिहिले असले, तरी कोड तुमच्याकडे चालतो आणि लिनक्स सर्व्हरवर मात्र फाइल सापडत नाही. अशा फाइलचे नाव दुरुस्त करताना ते फाइंडरमधून (मॅकच्या फाइल-व्यवस्थापकातून) न बदलता गिटच्याच, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्याच, आज्ञेने बदलावे, अन्यथा केवळ अक्षरांचा फरक गिटच्या नजरेतून निसटू शकतो.

शेल स्क्रिप्टच्या (टर्मिनलमधील आज्ञांच्या फाइलींच्या) बाबतीतही असेच घडते. मॅकवरील ‘सेड’ (मजकूर बदलणारा प्रोग्राम) बीएसडी (युनिक्सची एक शाखा) परंपरेतील असल्याने फाइलमध्ये जागच्या जागी बदल करण्याच्या पर्यायाला तो बॅकअपचा प्रत्यय, निदान रिकामा तरी, मागतो. लिनक्सवरील जीएनयू ‘सेड’ला त्याची गरज नसते. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मूळ शेल (टर्मिनलमधील आज्ञा चालवणारा प्रोग्राम) झेडशेल झाला असून सोबत मिळणारे बॅश (आधीचा मूळ शेल) अजूनही ३.२ आवृत्तीचे आहे, त्यामुळे चौथ्या आवृत्तीत आलेले असोसिएटिव्ह अॅरे (नावाने मूल्य शोधता येणाऱ्या याद्या) त्यात चालत नाहीत. होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकाने नवे बॅश घेता येते. पण अॅपल सिलिकॉनच्या (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) यंत्रांवर होमब्रू ‘ऑप्ट’ फोल्डरखाली बसते, तर इंटेलच्या मॅकवर ‘यूएसआर-लोकल’मध्ये, हे जुन्या मार्गदर्शिका वाचताना ध्यानात ठेवावे. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्ट सोबत आणणार असाल, तर ओळींच्या शेवटी राहिलेले सीआर (कॅरेज रिटर्न) हे अदृश्य चिन्ह आधी काढून टाकावे. ते पहिल्याच ओळीत असले, तर इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडत नसल्याची बुचकळ्यात टाकणारी तक्रार दिसते.

आणखी एक खोडी तुम्हाला लवकरच भेटेल. तुमचा सर्व्हर ५००० क्रमांकाच्या पोर्टवर चालू होत नसेल, तर कोड तपासत बसू नका: २०२१ च्या मॉंटेरे आवृत्तीपासून एअरप्ले रिसीव्हर (इतर उपकरणांवरील चित्र-आवाज मॅकवर घेणारी सेवा) तो पोर्ट घेतो. सेटिंग्जमधून रिसीव्हर बंद करावा किंवा दुसरा पोर्ट निवडावा. संघातील इतरांकडेही मॅक असतील, तर दुसरा पर्याय अधिक सोयीचा.