मोठी कंपनी, पण कोणाच्या मापाने?

प्रश्न : मी अमळनेरला राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझा धाकटा मुलगा पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला कॅम्पसमधून दोन ऑफर आल्या आहेत. एक देशातल्या आघाडीच्या आयटी सेवा कंपनीची, वर्षाला साडेतीन लाखांची. दुसरी पुण्यातल्याच, स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या चारशे माणसांच्या कंपनीची, सहा लाखांची. माझे दीर म्हणतात, लाखो माणसे आहेत तीच कंपनी धरावी. मुलाने जगातल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा एक तक्ता केला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यात बाजारमूल्याने एनव्हिडिया ही चिपचे आराखडे करणारी अमेरिकी कंपनी पहिली आहे, म्हणून दोन्ही ऑफर सोडून वर्षभर तिथल्या तयारीला लागावे असे त्याचे म्हणणे आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत दोन्हीकडे उत्तर द्यायचे आहे. मोठी कंपनी नेमकी ठरवायची कशी?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांचा तक्ता मी दोनदा वाचला. मेहनत चांगली आहे, पण त्यात एक चूक आहे, आणि आपण गणिताच्या शिक्षिका असल्यामुळे ती आपल्याला आधी दाखवतो. वार्षिक उलाढालीच्या रकान्यात टीसीएस या आयटी सेवा कंपनीसमोर २,५५,३२४ हा आकडा आहे आणि एनव्हिडियासमोर १३०.५. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, मात्र पहिला कोटी रुपयांत आहे आणि दुसरा अब्ज डॉलरमध्ये. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी; डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर एनव्हिडियाची ती उलाढाल सुमारे ११ लाख कोटी रुपये होते, म्हणजे टीसीएसच्या चौपटीहून थोडी अधिक. शिवाय दोघींची वर्षेही जुळत नाहीत. टीसीएसचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, एनव्हिडियाचे जानेवारीअखेर, मायक्रोसॉफ्टचे जूनअखेर, ॲपलचे सप्टेंबरअखेर. त्यामुळे कंपन्यांची तुलना करताना आकड्याशेजारी चलन आणि वर्षअखेर लिहिण्याची सवय त्याला आत्ताच लावावी. नोकरीत हीच सवय उपयोगी पडेल.

आता मूळ प्रश्न. दीर माणसे मोजत आहेत आणि मुलगा बाजारमूल्य मोजत आहे, म्हणून दोघांचे जमत नाही. मार्च २०२५ अखेर टीसीएसमध्ये सुमारे ६ लाख ८ हजार माणसे होती. जानेवारी २०२५ अखेर एनव्हिडियामध्ये सुमारे ३६ हजार. दिरांच्या फुटपट्टीने टीसीएस एनव्हिडियाच्या सुमारे सतरापट मोठी ठरते. उलाढालीच्या रकान्याला माणसांच्या रकान्याने भागले की मात्र वेगळेच चित्र दिसते. टीसीएसमध्ये एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला सुमारे ४२ लाख रुपयांची उलाढाल येते, एनव्हिडियामध्ये सुमारे ३० कोटींची.

या फरकाचा अर्थ टीसीएसचे अभियंते कमी हुशार असा मुळीच नाही. एक कंपनी प्रामुख्याने माणसांचा वेळ आणि कौशल्य विकते, त्यामुळे काम वाढले की माणसे वाढवावी लागतात. दुसरी चिपचा आराखडा आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर विकते, तो आराखडा एकदा तयार झाला की त्याच बळावर लाखो चिप विकल्या जातात. आणखी एक गोष्ट या भागाकारात दिसतच नाही. एनव्हिडिया आपल्या चिप स्वतःच्या कारखान्यात बनवत नाही, ते काम मुख्यतः तैवानची टीएसएमसी करते; ॲपलचे बहुतेक फोन फॉक्सकॉनसारख्या कंपन्या जुळवतात आणि तिथल्या कामगारांची गणना ॲपलच्या माणसांत (सप्टेंबर २०२४ अखेर सुमारे १ लाख ६४ हजार) होत नाही. उलट ॲमेझॉनच्या खात्यावर २०२४ अखेर सुमारे १५ लाख ५६ हजार माणसे होती, पण त्यांतला मोठा भाग गोदामांत पार्सले हाताळणाऱ्यांचा आहे. तेव्हा माणसांच्या रकान्यावरून कंपनी कोणत्या प्रकारचे काम स्वतःकडे ठेवते एवढे कळते. तिथे आपल्या मुलाला काय काम मिळेल हे कळत नाही.

बाजारमूल्याबद्दल मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण तुमच्या गावात या मापाला विशेष मान आहे. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांचे काय झाले हे मी आपल्याला सांगायला नको. अशा गावात मोठी कंपनी म्हटले की शेअरचा भाव आठवणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु बाजारमूल्य हे भागधारकाचे माप आहे. एका शेअरच्या भावाला एकूण शेअरच्या संख्येने गुणले की ते मिळते, आणि त्या भावात कंपनीच्या आजच्या कमाईइतकीच लोकांची पुढल्या दहा-वीस वर्षांविषयीची अपेक्षाही मिसळलेली असते. ती अपेक्षा किती चंचल असते पाहा. २७ जानेवारी २०२५ रोजी, डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्तातल्या एआयची बातमी पसरली आणि एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्क्यांनी कोसळला. जवळजवळ ५९० अब्ज डॉलरचे बाजारमूल्य त्या एका दिवसात गेले. त्यात त्या वेळच्या तीन टीसीएस सहज मावल्या असत्या. त्या दिवशी सकाळी कामावर गेलेला अभियंता संध्याकाळी तेच काम अर्धवट ठेवून घरी आला असेल. पुढे सहा महिन्यांत, जुलैमध्ये, हीच कंपनी ४ लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. त्याचे कामही त्या प्रमाणात वाढले नसणार.

भाव लवकर परत येतातच असेही नाही. मार्च २००० मध्ये नेटवर्किंगची उपकरणे बनवणारी सिस्को मायक्रोसॉफ्टला मागे टाकून काही काळ जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी झाली होती. २००२ पर्यंत तिच्या शेअरचा भाव ८० टक्क्यांहून अधिक उतरला. कंपनी बुडाली नाही, आजही चालू आहे. त्या काळी मुलाने हाच तक्ता केला असता, तर सिस्को त्याच्या वहीत पहिली असती.

तक्त्याखाली त्याने ‘एनव्हिडिया जवळपास भारताच्या जीडीपीएवढी’ अशी टीप लिहिली आहे. ही तुलना व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरते आणि मला ती फार खटकते. जीडीपी म्हणजे देशात एका वर्षात निर्माण झालेले मूल्य, बाजारमूल्य म्हणजे संपूर्ण कंपनीची आजची किंमत. एकाच्या घराची किंमत दुसऱ्याच्या वर्षाच्या पगाराशी ताडून कोण श्रीमंत हे ठरवण्यासारखे ते आहे. टीप खोडून टाकायला सांगा.

या तक्त्यातली सर्वांत बोलकी नोंद मात्र शेवटच्या ओळीत आहे. पुण्याच्या त्या चारशे माणसांच्या कंपनीपुढे, बाजारमूल्याच्या रकान्यात, त्याने शून्य लिहिले आहे. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, म्हणून तिचा भाव रोज छापून येत नाही. त्याचा अर्थ तिची किंमत शून्य असा होत नाही. चेन्नईची झोहो हजारो माणसांची कंपनी आहे, जगभर तिचे सॉफ्टवेअर विकले जाते, आणि तीही बाजारात नोंदलेली नाही. या तक्त्यात तिलाही शून्यच मिळाले असते. लहान कंपन्यांची गणना तर आणखी फसवी असते. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेण्यासाठी १९ अब्ज डॉलर मोजायचे ठरवले, तेव्हा तिथे ५५ माणसे कामाला होती. पुण्याच्या कंपनीचे असेच होईल असे मी म्हणत नाही, बहुतेक कंपन्यांचे होत नाही. रिकाम्या रकान्यात शून्य भरू नये, इतकेच सांगायचे आहे. खासगी कंपन्यांनाही आपला ताळेबंद दरवर्षी सरकारकडे दाखल करावा लागतो आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. गेल्या तीन वर्षांची उलाढाल आणि नफा-तोटा तिथून काढून त्या शून्याच्या जागी लिहिता येईल.

दिरांच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते. मोठ्या सेवा कंपनीची एक बाजू खरोखर भक्कम आहे : नवख्यांना शिकवण्याची तिची व्यवस्था. इन्फोसिस मैसूरला किंवा टीसीएस तिरुवनंतपुरमला नव्या मुलांना जसे पद्धतशीर प्रशिक्षण देते, तसे देणे चारशे माणसांच्या कंपनीला परवडत नाही. कॉलेजात प्रोग्रॅमिंगचा पाया कच्चा राहिला असेल, तर मी बिनदिक्कत तिकडेच पाठवतो. पण मोठेपणात नोकरीची हमी असते ही समजूत गेल्या काही वर्षांत टिकलेली नाही. फेसबुकची मालक असलेल्या मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार, गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार माणसे कमी करण्याची घोषणा केली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कपात जाहीर केली.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी आलेला एक मुलगा मला यानिमित्ताने आठवतो. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावर जगातल्या पहिल्या दहांतल्या एका कंपनीचे नाव होते आणि घरी पेढे वाटून झाले होते. ऑफर लेटर मागवून पाहिले, तर मालक म्हणून सही एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराची होती, मुदत अकरा महिन्यांची होती आणि वैद्यकीय विमा नव्हता. तो इमारत एका कंपनीची वापरत होता आणि नोकरी दुसऱ्याच कंपनीत करत होता. म्हणून पट्ट्यावरच्या नावाआधी पगार कोणाच्या खात्यातून येतो हे पाहावे.

आता माझे मत स्पष्ट लिहितो. एनव्हिडियासाठी वर्षभर घरी बसण्याला माझा विरोध आहे. त्या कंपनीचे पुण्यात केंद्र आहे, तेव्हा ती काही आवाक्याबाहेरची नाही. मात्र एकूण माणसेच जिथे कमी, तिथे नवख्यांच्या जागाही मोजक्याच निघतात, आणि अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांचे नेमके काम दाखवून जाणे हे बायोडेटात वर्षाची मोकळी जागा दाखवून जाण्यापेक्षा सोपे पडते. उरलेल्या दोघींपैकी माझा कल पुण्याच्या लहान कंपनीकडे आहे. त्याने दोन इंटर्नशिप केल्या आहेत आणि दुसरीत त्याने लिहिलेला कोड प्रत्यक्ष वापरात गेला, असे त्याने तक्त्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. अशा मुलाला सेवा कंपनीत प्रोजेक्टची वाट पाहत चार महिने बेंचवर बसणे, किंवा एखाद्या जुन्या प्रणालीच्या सपोर्टवर रात्रपाळी करणे जड जाईल. पगारातला अडीच लाखांचा फरक मी यात दुय्यम मानतो.

मात्र हा कल तीन उत्तरांवर अवलंबून आहे, आणि ती उत्तरे त्याने स्वतः फोन करून मिळवावीत, आपण किंवा दिरांनी नव्हे. कंपनीची निम्मी-अधिक कमाई एकाच ग्राहकाकडून येते का, हे त्याने विचारावे. तसे असेल तर तो ग्राहक गेला की चारशे माणसे एकदम अडचणीत येतात. ज्या टीममध्ये तो जाणार आहे तिथे किती जण आहेत आणि त्याचा कोड कोण तपासणार, हेही विचारावे. तपासणारे अनुभवी कोणी नसेल तर वर्षभर तो स्वतःच्याच चुका गिरवत बसेल. तिसरे, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का, नोटीस पिरियड किती दिवसांचा आणि रुजू होण्याची तारीख लेखी मिळेल का. तिसरा प्रश्न सेवा कंपनीलाही विचारायचा आहे, कारण ऑफर हातात असूनही रुजू होण्याच्या निरोपाची कित्येक महिने वाट पाहणारी मुले मी अलीकडे पाहिली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर लहान कंपनीने टाळाटाळ केली, तर दिरांचे ऐका आणि सेवा कंपनीला होकार कळवा.

शुक्रवारला अजून आठ दिवस आहेत. सोमवारपर्यंत फोन करून घ्यायला सांगा, आणि चलन व वर्षअखेर घालून दुरुस्त केलेला तक्ता त्या उत्तरांसह बुधवारी मला पाठवा. गुरुवारी सकाळी मी आपल्याला फोन करीन.