क्ष म्हणजे बेदाणा नव्हे

"आकडेमोड चांगली आहे हो मॅडम, पण शाब्दिक उदाहरण दिसलं की हा पेनच खाली ठेवतो." दहावीतल्या मुलांच्या आया हे मला दर वर्षी सांगतात, सहामाहीचे पेपर हातात पडले की जरा जास्तच. या ताई पंचवटीतल्या, घरचं सुक्यामेव्याचं दुकान. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) मुलगा शेजारी, मान खाली.

पहिल्या भेटीत मीच चुकले. परीक्षेची भीती असं धरून दीर्घ श्वास, झोप, वेळापत्रक सगळं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात तो शांतपणे आला आणि तितक्याच शांतपणे अडकला.

मग बीजगणिताचं पुस्तक काढायला लावलं. दोन चलांतील रेषीय समीकरणे. तयार समीकरणं दिली तर क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक (समीकरणांतल्या सहगुणकांच्या चौकटीतून काढायची संख्या) मांडून पठ्ठ्या झटक्यात उत्तर काढतो! मी त्याला दुकानातलंच उदाहरण घातलं: २४० रुपये आणि ३२० रुपये किलोचा बेदाणा मिसळून २७० रुपये किलोचा ४० किलो माल करायचाय. कोणता किती घ्यायचा?

त्याने लिहिलं: क्ष = हलका बेदाणा, य = भारी बेदाणा. खाली, २४०क्ष + ३२०य = २७०.

"क्ष म्हणजे काय रे?"

"बेदाणा."

"बेदाण्याला २४० ने कसं गुणलंस?"

तो गप्प. गाठ इथेच होती. अक्षर म्हणजे वस्तूचं टोपणनाव, असं पुष्कळ मुलांना वाटतं; तिथे संख्या असते हे कुणी ठासून सांगितलेलंच नसतं. 'क्ष मानू' म्हणायचं आणि पुढे पळायचं, ही सवय आपणच लावतो.

त्याला म्हटलं, पूर्ण वाक्य लिही. 'हलक्या बेदाण्याचे किलो = क्ष.' आणि प्रत्येक समीकरणाशेजारी समासात एकक. पहिली ओळ किलोंची: क्ष + य = ४०. दुसरी रुपयांची. डावीकडे रुपये, मग उजवीकडचे २७० कशाचे? "एका किलोचे," तो म्हणाला आणि स्वतःच खोडून ४० किलोंचे १०,८०० लिहिले. उत्तर आलं २५ किलो हलका, १५ किलो भारी.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पंधराच येणार ना. सगळा हलका घेतला तर ९,६०० होतात, १,२०० कमी पडतात. एक किलो बदलला की ८० वाढतात." मुलगा आईकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर मीही. मग त्याला म्हटलं, आईचे ८० तुझ्या वहीत शोध. पहिल्या समीकरणाला २४० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं: ८०य = १,२००. तो पहिल्यांदा हसला.

टक्क्यांच्या द्रावणातही आधी तसाच घसरला. २० टक्के आणि ५० टक्के आम्लाची द्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं ३० लिटर हवं होतं, त्याने उजवीकडे पुन्हा नुसते ३० लिहिले. समासात 'आम्लाचे लिटर' लिहायला लावल्यावर ३० लिटरचे ३० टक्के, म्हणजे ९ सुचले. पहिलं २० लिटर, दुसरं १०.

परवा ताईंचा फोन आला. मिश्रणं जमतात म्हणे, आता प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेत अडकलाय. बुधवारी या म्हटलं, वही घेऊन.