कास पठारावर फुलं बघायला जाताय? आधी त्यांचं कूळ ओळखायला शिका

नावं पाठ करत बसू नका, कूळ म्हणजे झाडाचं घराणं कळलं की निम्मं काम झालं. सोनकीवर भिंग धरा, तोडू मात्र नका. मधल्या पिवळ्या चकतीत कितीतरी बारीक फुलं दाटीने बसलेली दिसतील, आणि कडेची प्रत्येक पाकळी हेसुद्धा एक वेगळं फूल! असं दिसलं की सूर्यफुलाचं कूळ. कवल्याला एक मोठी उभी पाकळी, दोन बाजूंना दोन, खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन. हे वाल-वाटाण्याचं कूळ. खोड चौकोनी आणि पानं समोरासमोर असली की तुळशीचं कूळ आठवतं, पण घाई नको. चौकोनी खोड इतरही कुळांत असतं, म्हणून फुलाला दोन ओठ आहेत का तेही बघा. तेरडा सोपा: फुलामागे मध साठवणारी शेपटीसारखी नळी असते.