घरी येईपर्यंत थांबणारा मुलगा

"आमचा मुलगा शाळा सुरू होईल त्या दिवशी पाच वर्षे दोन महिन्यांचा असेल. शाळा त्याला पहिलीत घ्यायला तयार आहे. वर्गातली सर्वांत मोठी मुले त्याच्याहून चौदा महिन्यांनी मोठी असतील; पण तो शंभरपर्यंत अंक म्हणतो, छोटे शब्द वाचतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पत्नी म्हणते, एक वर्ष थांबू, बालपण पुन्हा मिळत नाही. त्या वर्षात त्याला गणिताच्या आणि चित्रकलेच्या वर्गाला घालू. मला वाटते, हुशार मुलाचे एक वर्ष फुकट जाईल. तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही. शिशुवर्गात त्याची कसलीही तक्रार नाही. इतका शांत मुलगा वर्गात दुसरा नाही, असे बाई सांगतात. फक्त घरी आला की बूटही न काढता बाथरूमकडे धावतो, त्याची आम्हा दोघांना गंमत वाटते. पाण्याची बाटली मात्र रोज भरलेलीच परत आणतो. कोणाचे बरोबर आहे, ते निःपक्षपातीपणे सांगावे. – एका हुशार मुलाचे बाबा"

हुशार मुलाचे बाबा, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा बाथरूमच्या दाराशी अडखळले. अंक, शब्द, गोष्टी यांना तुम्ही सविस्तर जागा दिलीत आणि जे खरोखर सांगण्यासारखे होते ते गंमत म्हणून शेवटी टाकून दिलेत. मला त्यात गंमत दिसली नाही. एक पाच वर्षांचे मूल रोज काही तास लघवी रोखून धरते, कारण समोरच्या मोठ्या माणसाला "मला जायचे आहे" एवढे वाक्य त्याला म्हणता येत नाही. आणि ते म्हणावेच लागू नये म्हणून बहुधा त्याने पाणी पिणेही सोडले आहे. बाटली विसरण्याने भरलेली राहते ती एखाद्या दिवशी. रोज भरलेली राहते तेव्हा त्यामागे हिशोब असतो. तुमचा मुलगा हुशार आहे याबद्दल माझी खात्री पटली आहे, फक्त त्या हुशारीचा उपयोग तो कशासाठी करतो आहे ते तुम्ही पाहिलेले नाही.

बाईंचे ते कौतुकही जरा पुन्हा वाचा. वर्गात सर्वांत शांत असलेले मूल सुखात असतेच असे नाही. काही मुले मनाने रमलेली असल्यामुळे शांत असतात, आणि काही मुले कोणाचे लक्ष आपल्याकडे जाऊ नये म्हणून शांत असतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांची तक्रार कधीच येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याला या वर्षी पहिलीत घालू नका. तो शिकण्यात मागे पडेल अशी भीती मला वाटत नाही. पहिलीचे पुस्तक तो कदाचित दिवाळीच्या आत संपवील. परंतु पहिलीच्या वर्गात बसायला जे लागते ते पुस्तकात नसते. समजले नाही तर हात वर करणे, पेन्सिल कोणी घेतली तर ती परत मागणे, डबा उघडत नसेल तर मदत मागणे, पोटात दुखते आहे हे अनोळखी माणसाला सांगणे, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते: आपली गरज मोठ्याने उच्चारता येणे. ती ज्याला आलेली नाही, त्याला तुम्ही अधिक मुलांच्या, अधिक शिस्तीच्या आणि कमी सवडीच्या वर्गात बसवणार आहात. तिथे त्याची शांतता आणखी कौतुकाची होईल.

चौदा महिन्यांचा फरक तुम्ही एका अर्धविरामात उडवून लावलात, म्हणून त्याचे गणित मांडते. बासष्ट महिन्यांच्या आयुष्यात चौदा महिने म्हणजे जवळजवळ पाव आयुष्य. चाळिशीतल्या माणसाला त्याच प्रमाणात मोठे सहकारी द्यायचे तर ते एकोणपन्नास वर्षांचे निघतील, आणि तरीही त्या माणसाची उंची, ताकद आणि आवाज त्यांच्या बरोबरीचा असेल. तुमच्या मुलाचे तसे नाही. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांचे लहानपण शाळेला कित्येकदा दोषासारखे दिसते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे प्रवेशाच्या वयाची सीमा १ सप्टेंबर आहे अशा राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांना अवधानदोष आणि अतिचंचलता असल्याचे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्के अधिक प्रमाणात झालेले आढळले. मुलांच्या मेंदूला ऑगस्ट आणि सप्टेंबर यांतला भेद कळत नाही. तो फक्त हजेरीपटाला कळतो. तुमचा मुलगा चंचल नसल्यामुळे त्याच्यावर ती चिठ्ठी चिकटणार नाही, त्याला "घुमा" म्हणतील इतकेच.

वर्ष फुकट जाण्याची भीती तर सोडूनच द्या. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली गेली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत दोन्हींच्या वाचनात फरक उरलेला नव्हता. औपचारिक शाळा पाचव्या वर्षीच सुरू व्हावी ही कल्पनाही मुलांकडे पाहून जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने पाचव्या वर्षापासून हजेरी सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना दिला, आणि मुले शाळेत लवकर गेली की लवकर सुटून कामालाही लागतील, हा विचारही त्या काळच्या चर्चेत होता. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेत जातात, परंतु तिथेही ती तोवर घरी बसवून ठेवलेली नसतात. त्याआधीचे एक वर्ष पूर्वप्राथमिक शिक्षण २०१५ पासून सक्तीचे आहे. थांबणे म्हणजे वर्ष रिकामे ठेवणे नव्हे.

हे वाचून तुमच्या पत्नीने तुमच्याकडे विजयी मुद्रेने पाहू नये. बालपण एकदाच मिळते असे म्हणायचे आणि मिळालेल्या वर्षात गणिताचा व चित्रकलेचा वर्ग भरायचा, हे मला पटलेले नाही. उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलांना गुणांत मिळणारी आघाडी पुढच्या इयत्तांत कमी कमी होत जाते, तेव्हा तिच्यासाठी थांबायचे असेल तर थांबू नये. आणि बूट न काढता धावणाऱ्या मुलाला पाहून त्याही हसल्याच आहेत. तीन आठवडे तुम्ही दोघे त्याच्याविषयी बोलत आहात, या तीन आठवड्यांत "तू शाळेत शू का करत नाहीस?" एवढे त्याला कोणी विचारले नाही.

अर्थात तसे विचारूही नका. "का" हा शब्द लहान मुलाला खटल्यासारखा ऐकू येतो. "तिथले दार कसे आहे?" असे विचारा. मग कळेल की कडी उंच आहे, किंवा कडी लावली तर निघणार नाही असे त्याला वाटते, किंवा आत अंधार असतो, किंवा कोणी तरी एकदा दार बाहेरून ढकलले होते, किंवा एकदा हात वर केला तेव्हा बाई "आत्ताच नाही, थांब" म्हणाल्या आणि तो आजवर थांबलेलाच आहे. शेवटचे कारण निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आज्ञाधारक मुले मोठ्यांची वाक्ये फार दिवस पाळतात.

लघवी करताना दुखत असेल किंवा बद्धकोष्ठ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी रोखून धरण्याच्या सवयीने मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो, त्यात पाणीही कमी. ते नसेल तर या वर्षाचा अभ्यासक्रम एका ओळीचा आहे: "बाई, मला शू लागली आहे, मी जाऊन येऊ?" हे वाक्य त्याने तुमच्या तोंडून ऐकून नव्हे, स्वतः, घराबाहेरच्या माणसाला म्हणायला हवे. दुकानात हवी ती वस्तू त्याला मागू द्या, पाहुण्यांकडे पाणी त्याला मागू द्या, आणि तो मागत असताना त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, मग कितीही वेळ लागो. तुम्ही त्याचे वाक्य पूर्ण करत असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

पहिलीचा अर्ज परत घ्या. उद्या शाळा सुटल्यावर बाईंना भेटून सांगा की त्याने हात वर केला तर तास चालू असला तरी त्याला सोडावे, आणि हे त्याच्यासमोर सांगा. मग त्याच्याबरोबर ते बाथरूम पाहायला जा. गुडघ्यांवर बसून, त्याच्या उंचीवरून, ती कडी एकदा लावून आणि काढून बघा. त्याच्या आईलाही बघू द्या.