शूर की चिवट?

प्रश्न असा आला आहे : रशियन सैनिकाविषयी मराठीत लिहिताना जो तो ‘चिवट’ म्हणतो, ‘शूर’ का म्हणत नाही? ‘चिवट’मध्ये कमीपणा नाही का?

मला ‘चिवट’ हाच नेमका शब्द वाटतो. तो मुळात वस्तूंना लावायचा. गार झालेली भाकरी चिवट, चामडं चिवट, शेतातली हरळी तर चिवटच. कितीदा उपटा, पुढच्या पावसात हजर. शूर माणूस चालून जातो, चिवट माणूस हटत नाही.

२५ ऑगस्ट १७५८ची झोर्नडॉर्फची लढाई पाहा. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक वळसा घालून रशियन सैन्याच्या पिछाडीला आला. रशियनांनी जागच्या जागी तोंडं फिरवली आणि तिथंच लढाई दिली. फळ्या फुटल्या, दारूगोळा सरत आला, तरी संगिनींनी झुंज चालू राहिली. त्रेचाळीसेक हजारांपैकी सुमारे १८ हजार मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, आणि उरलेल्यांनी रात्र रणांगणावरच काढली. याला ‘शौर्य’ म्हटलं तर चूक नाही, पण डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं ते ‘चिवट’नेच.

खुद्द रशियनमध्येही हा भेद आहे. ‘ख्राब्रस्त’ म्हणजे शौर्य आणि ‘स्तोयकस्त’ म्हणजे हा चिवटपणा. दुसरा शब्द ‘स्तयात्’ म्हणजे ‘उभं राहणं’ या क्रियापदाच्या घरातला, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘स्था’शी एकच. आपलं ‘ठाण’ही ‘स्थान’वरूनच आलं. त्यामुळे ‘स्तोयकस्त’ला ‘ठाण मांडून लढणं’ हा प्रतिशब्द मला फार आवडतो. नात्यानेही जवळचा आणि अर्थानेही.

मात्र हा गुण रक्तातला समजू नये. १७९३नंतर रशियात सैनिकाची नोकरी २५ वर्षांची होती (त्याआधी तर जन्मभराची). भरती झालेल्या पोराला घरचे मेल्यासारखे रडून निरोप देत. मग पलटण हेच त्याचं घर आणि ‘आर्तेल’, म्हणजे सैनिकांचा सामाईक पैसा आणि सामाईक चूल, हेच कुटुंब. ते सोडून जाणार कुठे? १९१७मध्ये, क्रांतीच्या वर्षी, मात्र याच देशाचे सैनिक आघाडी सोडून घरी निघाले.

लिहिताना एवढं करावं : शत्रूच्या नजरेतून सांगायचं तर ‘चिवट’, त्यांच्या बाजूने सांगायचं तर ‘ठाण मांडून’. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईबद्दल लिहाल तेव्हा ‘रशियन’ऐवजी ‘सोव्हिएत’ लिहा. त्या खंदकांत युक्रेनी, कझाक, उझबेकही होते.