'उद्रेक', 'स्फोट' की 'भडका'? फ्लेअर स्टारला मराठीत काय म्हणावे

प्रश्न असा आहे: एका लेखात 'फ्लेअर स्टार'साठी, म्हणजे ज्याचे तेज अचानक वाढून थोड्याच वेळात पूर्ववत होते अशा ताऱ्यासाठी, 'उद्रेकी तारा' असे लिहिले होते, तपासणीत ते 'स्फोटक तारा' झाले. यांतले बरोबर कोणते? आणि 'भूस्थित दुर्बिणींद्वारे ताऱ्यांवरील प्रकाश-उद्रेकांचे निरीक्षण' हे शीर्षक चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द नकोत. घटनेला 'भडका' म्हणावे आणि ताऱ्याला 'भडकणारा तारा'. बोलीतला शब्द शास्त्राच्या लेखात कसा घालायचा, असे काहींना वाटेल. पण दुर्बिणीमागे बसणाऱ्याच्या दृष्टीने इथे शब्दातून एकच गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे वेग. 'भडका उडाला' म्हटले की क्षणात वर गेले आणि मग हळूहळू बसले, असे चित्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. या ताऱ्यांचा प्रकाश नेमका असाच वागतो. चढ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा असतो आणि उतार मिनिटांचा, क्वचित तासांचा. तिमिंगल तारकासमूहातला यूव्ही सेटी हा या जातीचा नमुना-तारा. आपल्यापासून सुमारे ८.७ प्रकाशवर्षांवरच्या, १९४८ साली सापडलेल्या लॉयटन ७२६-८ या जोडीतला तो मंद सोबती. १९५२ मध्ये त्याचे तेज २० सेकंदांत ७५ पट झाल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ ४.७ प्रतींची उडी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी).

'उद्रेक' हा चांगला शब्द आहे, पण तो दुसऱ्या घटनेसाठी राखून ठेवावा. उद् आणि रिच् यांपासून झालेल्या या शब्दात आधिक्याचा, मर्यादेपलीकडे वाढण्याचा अर्थ आहे. ज्वालामुखीचा उद्रेक, साथीचा उद्रेक, असंतोषाचा उद्रेक, सगळीकडे आधी काहीतरी साचते, मग बाहेर पडते आणि बरेच दिवस चालते. आकाशात याला तंतोतंत जुळणारे तारे आहेत: हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी घ्या. त्यात श्वेत बटूभोवतीच्या (विझत चाललेल्या लहान, घन ताऱ्याभोवतीच्या) चकतीत द्रव्य साचत जाते, मग चकती एकदम तापते. तारा बाराव्या प्रतीच्या आसपासून आठव्या प्रतीजवळ येतो, आठवडाभर किंवा थोडे अधिक तेजस्वी राहतो आणि साधारण सात-आठ आठवड्यांनी हेच पुन्हा घडते. हा उद्रेक. त्यासाठी रात्रीतून एक-दोन नोंदी पुरतात. भडका पकडायचा तर दर दहा सेकंदांनी नोंद लागते. दोघांना एकच शब्द वापरला, तर वाचणारा चुकीच्या तयारीने दुर्बीण लावेल.

'स्फोट' तर टाळाच. स्फुट् म्हणजे फुटणे, आणि इथे तारा मुळीच फुटत नाही. हे बहुतेक लाल बटू, म्हणजे लहान, थंड आणि मंद तारे असतात. त्यांच्या पृष्ठभागाजवळ पीळ पडलेल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जुळतात, त्यात सुटलेली ऊर्जा खालच्या वायूला काही मिनिटे तापवते, आणि मग तारा होता तसा. 'स्फोटक तारा' वाचून लोकांना नवतारा (नोव्हा) किंवा अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) आठवतो.

'ज्वाला' का नको, असेही कोणी विचारेल, कारण बातम्यांत 'सौर ज्वाला' रुळला आहे. अडचण अशी की सूर्याच्या कडेवर कमानीसारख्या दिसणाऱ्या प्रॉमिनन्सलाही मराठीत ज्वालाच म्हणतात. ज्वालेला आकार असतो, लांबी असते. दूरच्या ताऱ्याचा आपल्याला फक्त एक ठिपका दिसतो, आकार दिसतच नाही, तेजाचा आलेख तेवढा मिळतो. सूर्यावर होणारी क्रिया जातीने हीच आहे. पण सूर्य मुळातच एवढा तेजस्वी, की मोठ्या भडक्यानेही त्याच्या एकूण प्रकाशात टक्क्याच्या काही शतांशांचाच फरक पडतो. लाल बटूची पार्श्वभूमी मंद, म्हणून तिथे तोच प्रकार ठळक दिसतो.

आता रूप. 'भडक तारा' किंवा 'भडकतारा' असा समास करू नका. 'भडक' म्हटले की डोळ्यांत खुपणारा रंग आठवतो. 'भडकता तारा' व्याकरणाला धरून आहे, पण 'पेटता निखारा'सारखा तो या घडीची अवस्था सांगतो. सवय, स्वभाव सांगायला '-णारा' हवा. म्हणून यादीच्या मथळ्यात 'भडकणारे तारे', आणि वर्णनात 'तारा भडकला', 'भडका ओसरला'. या 'ओसरणे'वर माझा विशेष जीव आहे. उतरत्या भागासाठी 'ऱ्हास' लिहिण्याची पद्धत आहे, पण तो शब्द किरणोत्सर्गाकडे ओढतो. ताप ओसरतो, पूर ओसरतो, आणि पाणी आधी भराभर आणि मग रेंगाळत उतरते. भडक्याचा आलेखही तसाच उतरतो.

एक नमुना पाहा. समजा निळ्या, म्हणजे बी गाळणीतून १० सेकंदांचे एक्स्पोजर आणि २ सेकंद फ्रेम वाचायला, असे दर १२ सेकंदांनी मोजमाप चालू आहे. तारा आणि तुलना-तारा (ज्याचे तेज बदलत नाही असा शेजारचा तारा) यांच्या प्रतींतला फरक क्रमाने असा आला: ०.४१, ०.४२, ०.४०, ०.१९, ०.०२, ०.०८, ०.१५, ०.२०, ०.२४. पहिले तीन आकडे ही शांत पातळी. पुढच्या दोन नोंदींत, म्हणजे २४ सेकंदांत, कळस. त्यानंतर ४८ सेकंदांत भडका अर्ध्याहून थोडा अधिक ओसरला, पण पुरता बसलेला नाही. कळसाला तेज शांत पातळीच्या सुमारे १.४ पट. इथे भाषेचा एक सापळा आहे: 'प्रत वाढली' असे लिहिले की आकडा वाढला की तेज, हे कळत नाही, कारण तेज वाढते तेव्हा प्रतीचा आकडा कमी होतो. 'तेज ०.३९ प्रतीने वाढले' किंवा 'प्रत अमुकवरून तमुकवर आली' असेच लिहावे.

हीच नोंद ६० सेकंदांच्या एक्स्पोजरने घेतली तर? १० सेकंद दुप्पट झालेले तेज १० सेकंदांच्या फ्रेममध्ये ०.७५ प्रत दिसते. मिनिटभराच्या फ्रेममध्ये तेच पसरून ०.१७ प्रत उरते आणि चढाचा आकार तर नाहीसाच होतो. उलट एक्स्पोजर फार लहान केले की लुकलुक आड येते. २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत १ सेकंदाच्या फ्रेममध्ये डोक्यावरच्या ताऱ्यालाही त्यापायी जवळजवळ शतांश प्रतीचा चढउतार येतो, १० सेकंदांत तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच 'तारा लुकलुकला' किंवा 'चमकला' हे शब्द भडक्यासाठी चालत नाहीत. लुकलुक आपल्या हवेची, भडका ताऱ्याचा.

गाळणीही शब्दाइतकीच जपून निवडावी. भडक्याचा प्रकाश सुमारे ९ ते १० हजार केल्विन तापमानाच्या वस्तूसारखा निळा असतो, तारा स्वतः ३ हजारांच्या आसपास, लाल. निळ्या बाजूला तारा जवळजवळ अंधारा, म्हणून तिथे भडका उठून दिसतो. अतिनील यू पट्ट्यात प्रत-दीड प्रतीचा दिसणारा भडका हिरवट-पिवळ्या व्ही पट्ट्यात दशांश प्रतीचा होऊन बसतो. मात्र काचेची भिंगे आणि बरेच कॅमेरे अतिनील प्रकाश खातात, त्यामुळे लहान दुर्बिणीला बी हाच व्यवहारी पर्याय. सुरुवातीला सिंह राशीतला एडी लिओनिस (व्हीमध्ये सुमारे ९.४ प्रत) किंवा ईव्ही लॅसर्टी (सुमारे १०.२) बरे, लघुलुब्धकातला वायझेड कॅनिस मायनोरिस अकराव्या प्रतीपलीकडचा आहे.

'भडका' लिहिण्याआधी तो खरा आहे का, हे तपासलेच पाहिजे. एकाच फ्रेममध्ये उडी असेल तर विश्वास ठेवू नका. एखाद्या पिक्सेलवर आदळलेला वैश्विक किरण किंवा मापन-वर्तुळातून गेलेली उपग्रहाची रेघ असू शकते, मूळ फ्रेम उघडून पाहिली की ती दिसते. सलग दोन-तीन नोंदी वर गेल्या, पडताळणी-ताऱ्याचा (खात्रीसाठी मोजलेल्या दुसऱ्या स्थिर ताऱ्याचा) आकडा मात्र जागचा हलला नाही, तर ठीक. तारा मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बिणीचा माउंट, म्हणजे तिला फिरवणारी बैठक, उलटा फिरला की ताऱ्यांच्या प्रतिमा कॅमेऱ्याच्या वेगळ्या भागावर पडतात; फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्याच्या भागाभागांतला फरक दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे छायाचित्र) नीट नसेल तर आलेखात पायरी पडते, आणि ती पायरी ओसरत नाही. तुलना-तारा निळसर निवडला असेल तर तारे क्षितिजाकडे झुकताना फरक तासन्‌तास एकाच दिशेने सरकत राहतो, कारण हवा निळा प्रकाश जास्त गिळते. तो 'कल', भडका नव्हे.

वेळेबाबतही शब्द काटेकोर असावेत. 'नोंदीची वेळ' म्हणजे एक्स्पोजरची सुरुवात की मध्य? मध्य द्यावा आणि तसे लिहावे. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून जुळवलेले हवे. सूर्यकेंद्री वेळ (प्रकाश सूर्यापाशी केव्हा पोचला असता, ती वेळ) दिली असेल तर तसे म्हणावे, कारण पृथ्वीच्या जागेमुळे ती सव्वाआठ मिनिटांपर्यंत पुढेमागे होते. एवढ्या वेळात एक अख्खा भडका येऊन जातो.

'समतुल्य कालावधी' या संज्ञेनेही गोंधळ होतो. भडक्यात मिळालेला जादा प्रकाश शांत तारा जेवढ्या सेकंदांत देतो, तेवढे सेकंद, असा तिचा अर्थ. भडका किती वेळ चालला, हा नव्हे. शिवाय 'काल' आणि 'अवधी' यांची जोडी इथे अनावश्यक आहे. 'समतुल्य अवधी' पुरे, पहिल्या वापरात व्याख्या द्यावी.

राहिले शीर्षक. 'भूस्थित' टाळावा, उपग्रहांमुळे 'भूस्थिर' कानात बसला आहे आणि घाईत एकाचे दुसरे वाचले जाते. 'जमिनीवरच्या दुर्बिणी' स्वच्छ आहे. आणि 'निरीक्षण' चूक नाही, पण इथे 'पाळत' जास्त खरा, कारण भडका केव्हा उडेल हे सांगता येत नाही आणि काही न दिसलेले तासही मोजायचे असतात. दहा तासांत तीन भडके आणि दोन तासांत तीन भडके यांतून वेगवेगळे तारे समोर येतात. त्यात ढगांनी आणि फ्रेम वाचण्यात गेलेला वेळ वजा करून निव्वळ पाळतीचा वेळ द्यायचा. तेव्हा शीर्षक असे करावे: 'जमिनीवरच्या दुर्बिणींतून भडकणाऱ्या ताऱ्यांवर पाळत'.